दत्तूचं वेल्डिंग

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली. आता भुकूमच्या या फ्लॅटमध्ये ऐकायला तुम्हीच आहात.

आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना मुळशीतल्या एका माळावर होत्या. आकाशातून येणारे सिग्नल एका संगणकाला झेपत नसत. म्हणून त्यांचे तुकडे करून बऱ्याच संगणकांना एकाच वेळी वाटायचे – आणि सगळ्यांचं काम झालं की जोडून आकाशाचं चित्र बनवायचं. तो प्रोग्रॅम माझा. वेगासाठी माझं नाव होतं. त्या नावापायीच मी – हो, त्यापायीच – सगळ्या संगणकांसाठी थांबायची ओळ काढून टाकली. मग एखादा संगणक मागे राहिला की त्याचा आधीचाच तुकडा जोडला जाई. चित्रात पांढरे ओरखडे येऊ लागले.

ओरखड्यांचं कारण मला तेव्हा ठाऊक होतं का? नव्हतं. पण स्वतःचा प्रोग्रॅम तपासण्याआधी मी खिडकीबाहेर पाहिलं – हे कसं नाकारू? माळाखाली दत्तूचं वेल्डिंगचं दुकान होतं. ठिणगीने रेडिओत खरखर येते, हे आम्हा सगळ्यांना पाठ. त्याला सांगायला मीच गेलो.

"आमच्या ठिणगीनं तुमचं तारं बुजत्यात व्हय?" तो हसला. मग हातातली काच खाली ठेवली. "पोटावर पाय देताय, साहेब. पर देशाचं काम हाय म्हंता, तर करतो बंद."

दुकान बंद झालं. त्या दिवशीच्या चित्रात ओरखडे तसेच – ते मी एकट्यानेच पाहिले. तेव्हा कुठे प्रोग्रॅम उघडला. ओळ गुपचूप परत घातली. दुसऱ्या दिवशी चित्र स्वच्छ. सगळे म्हणाले, वेल्डिंगच होतं! मी मान डोलावली. दत्तूचा सत्कारही झाला. शाल त्याच्या खांद्यावर कोणी घातली? मीच.

एक वाक्य बोललो असतो, तर त्याने त्याच दिवशी दुकान उघडलं असतं. मी बोललो नाही – तेव्हा नाही, निवृत्त झाल्यावरही नाही. त्याने मशीन विकलं आणि पिरंगुटला दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लागला.

परवा सोसायटीचं फाटक जोडायला ठेकेदाराने माणूस पाठवला. दत्तू. केस पांढरे झालेले. मला पाहून खूश झाला – खरंच खूश. तोंडापुढे काच धरता धरता थांबला.

"साहेब, हितं पेटवलं तर चालंल न्हवं? ताऱ्यांना तरास न्हाई ना व्हायचा?"

"नाही," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो.