पांढरं तिला, पिवळं मला

सासूला अंडं खाऊ घालायची पाळी माझ्यावर आली आणि मला आनंद झाला. कुणाला राग येत असेल तर येऊ दे.

लग्न करून मी औंधाकडून शिराळ्याकडच्या या घरात आले. वडील फौजेतले, माहेरी रोज सकाळी अंडं असायचं. इथं सासूच्या गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचं नावही नको. पोटुशी असताना माझं रक्त कमी भरलं, नर्सबाईंनी अंडी खायला सांगितली. मी गोठ्यातल्या चुलीवर, निराळ्या तव्यात, एक आम्लेट टाकलं. सासूनं तव्यासकट ते उकिरड्यावर भिरकावलं. "माझ्या घरात ह्ये चालायचं न्हाई!" बाळंतपणात बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवलं, मरता मरता वाचले. ती एकदा तरी "चुकलं" म्हणेल म्हणून आठ वर्षं वाट बघितली. कसलं काय!

यंदा तिच्या किडन्या गेल्या. मिरजेला डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, "डायलिसिसमध्ये अंगातली प्रथिनं निघून जातात, ती भरून काढा. अंड्याचं नुसतं पांढरं द्या. त्यात प्रथिनं भरपूर, फॉस्फरस नावापुरतं. बलकात ते जास्त, म्हणून बलक नको. मीठही जपून." घरी आल्यावर सासूनं माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "कर बाई, काय करायचं त्ये."

केलं की! दोन अंड्यांचं अळणी, पांढरंफटक आम्लेट. उरलेल्या बलकात लोह, जीवनसत्त्वं, स्निग्धपणा, सगळं आलं. टाकायचं कशाला? कांदा-मिरची घालून मी माझी भुर्जी केली आणि मुद्दाम तिच्यासमोर बसून मिटक्या मारत खाल्ली. रोज. नवरा म्हणाला, "आत बसून खा की."

"का? गोठ्यात जाऊ?" म्हटलं.

परवा सासू म्हणाली, "तोंडाला चवच न्हाई गं. त्यातला येक घास दे."

"आवं आत्ती, डॉक्टर नको म्हणलेत." खोटं नव्हतंच ते. पण सांगताना काय गार वाटलं!

ती माझ्या ताटलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. तवा नर्सबाईनं तुला खा म्हणून सांगितलं व्हतं, आन् मी खाऊ दिलं न्हाई. चुकलं माझं."

हेच ऐकायला आठ वर्षं जळत होते. ऐकलं, आणि शेवटचा घासही तिच्या देखतच खाल्ला.