सम आकडे उजवीकडे

धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत ती अठरा वर्षं बसली. खिडकी केवढी, तर आतल्या माणसाचा चेहरा आणि एक हात, एवढंच बाहेरून दिसणार. त्यामुळे ती बाजारात समोरून गेली तरी लोकांना पटकन ओळखू यायची नाही. हिला कुठेतरी बघितलंय, एवढंच वाटायचं. मग तिने भाजीचा भाव विचारायला तोंड उघडलं, की शेजारची बाई म्हणायची, "अय्या, खिडकीताई." नाव तिथूनच पडलं. घरी सासूबाईंनीसुद्धा ते उचललं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शहर माणसांनी फुगायचं, आणि सकाळी आठ वाजता निम्मं शहर तिच्या खिडकीसमोर रांगेत असायचं. लाँच तीन ठिकाणी जायच्या: दीपगृहाचं बेट, पांढऱ्या वाळूची खाडी आणि समुद्रातला पडका किल्ला. तिकीट हातात पडण्याआधी माणसाची झडती व्हायची.

"चार दीपगृह द्या."

"बरोबर कोण?"

"बायको, मुलगी, आई."

"आईंचे गुडघे?"

"तसे दुखतात थोडे."

"दोनशे अकरा पायऱ्या आहेत. आईंना खाली बसवून तुम्ही तिघं वर जाणार, आणि घरी गेल्यावर त्या चार दिवस बोलणार नाहीत. खाडीला जा. पाणी घोट्याएवढं, सावलीत बाक आहेत."

माणूस मुकाट्याने खाडीची चार तिकिटं घ्यायचा. मागे नवं जोडपं उभं असायचं, त्याला किल्ला हवा असायचा.

"किल्ल्यावर आज शाळेची सहल गेलीय. दोनशे पोरं. एकांत पाहिजे असेल तर दीपगृह घ्या, पायऱ्या बघून निम्मे लोक खालूनच परत फिरतात."

"पण आम्हाला एकांत कशाला..." मुलगा लाजून म्हणायचा.

"दोन दीपगृह," मुलगी म्हणायची.

हे सगळं तिला ठाऊक होतं, कारण आठवड्याची सुट्टी सोमवारी असायची आणि दर सोमवारी ती लाँचवर चढायची. न चाखता वाढायचं कसं, असं तिचं म्हणणं. पहिली दोन वर्षं ती प्रवाशांत बसली. मग कप्तानकाकांच्या शेजारी. काका म्हणजे धक्क्यावरचे सगळ्यात जुने कप्तान. बोलणं कमी, चहा जास्त. एका सोमवारी त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "जरा चाक धर गं." ते चाक तिने धरलं ते धरलंच. पुढे काका खुल्या समुद्रात निवांत पाय पसरायचे आणि ही दीपगृहापर्यंत नेऊन सोडायची.

गेल्या वर्षी कंपनीने जाहीर केलं की पुढच्या हंगामाच्या दुसऱ्या महिन्यापासून तिकिटं फोनवर मिळतील, खिडकी बंद. व्यवस्थापकाने तिला बोलावून घेतलं.

"तुम्हाला काढत नाही आहोत, ताई. गोदामात घेतो. लाइफ जॅकेटं मोजायची."

"मोजायची, आणि?"

त्याने थोडा विचार केला. "संध्याकाळी परत मोजायची."

ती तशीच उठून बंदर कार्यालयात गेली आणि लाँच चालवण्याच्या परवान्याचा अर्ज भरला. वय एक्कावन्न. खिडकीपलीकडच्या कारकुनाने नियम वाचून दाखवला: तीन प्रयत्न. तिसऱ्यांदा नापास झालात, की पुन्हा अर्ज घेतला जात नाही.

घर म्हणजे दोन खोल्या, आणि दोन्हींत कापडच कापड. नवरा किनाऱ्यावरच्या छत्र्या आणि लाँचवरची छतं शिवायचा. पिवळ्या पट्ट्यांच्या ढिगात बसून त्याने बातमी ऐकली, मशीन थांबवलं.

"अगं, पण कप्तान?"

"का, टोपी शोभणार नाही?"

"टोपीचं काय, ती मी शिवून देईन."

सासूबाई पलीकडे धागे वेचत होत्या. "स्वयंपाकघरातून दारापर्यंत येते तर तीनदा उंबऱ्याला ठेच लागते हिला. समुद्रात काय दिवे लावणारेय."

"आई, समुद्रात उंबरा नसतो," ती म्हणाली.

पहिला प्रयत्न लेखी परीक्षेतच आपटला. इंजिनाचे प्रश्न होते, आणि इंजिन तिने आजवर फक्त कानाने ऐकलं होतं. मग ती सहा महिने दुरुस्तीच्या शेडमध्ये जाऊन बसली, हात काळे करून घेतले आणि दुसऱ्यांदा लेखी परीक्षा झक्क उतरली. राहिली प्रत्यक्ष चालवायची. वारा नाही, पाणी शांत, लाँच धक्क्याला लागायला हातभर अंतर उरलेलं. तेवढ्यात धक्क्यावरून कुणीतरी हाक मारली, "किल्ल्याची पुढची बोट किती वाजता?"

अठरा वर्षांची सवय. तिने मान वळवली आणि सांगितलं, "पावणेअकरा. पण टोपी घेऊन जा, तिथे सावली नाही."

लाँच धक्क्यावर अशी आदळली की परीक्षकाचा चष्मा पाण्यात गेला.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "टोपी घेतली का त्याने?" आणि ती इतकी हसली की शेवटी रडायला लागली. सासूबाई धागे वेचायच्या थांबल्या. "रडतेस काय. अजून एक आहे ना? शंभर माणसं रोज त्या खिडकीशी वाद घालायची, तेव्हा नाही रडलीस."

तिसऱ्या प्रयत्नाची तारीख हंगाम सुरू झाल्यावरची मिळाली, खिडकी बंद व्हायच्या शेवटच्या आठवड्यातली. कार्यालयाची पद्धतच तशी: प्रत्यक्ष परीक्षा नेहमीच्या फेरीवर, खऱ्या प्रवाशांसह. चाकाशेजारी खरा कप्तान बसलेला, म्हणजे भलतं काही झालं तर तो चाक घेणार. त्याने चाकाला हात लावला, की उमेदवार नापास.

सकाळी कप्तानकाकांनी तिला बाजूला घेतलं. "आज तोंडाला कुलूप. कुणी वेळ विचारो, वाट विचारो, जीव जातोय म्हणो. तू मुकी."

"बरं."

"बरंसुद्धा म्हणू नकोस."

फेरी खाडीची होती. बासष्ट प्रवासी, दोन खलाशी, काका, आणि मागच्या बाकावर मधोमध परीक्षक. चष्मा नवा होता, आणि या वेळी त्याला दोरी लावलेली होती. तिने लाँच धक्क्यापासून सोडवली, बाहेर काढली, लाटेला नाक दिलं. मागून एका आजोबांनी विचारलं, "बाई, तिकडे पोहता येतं का हो?" ती गप्प. "बहिरी आहे वाटतं," आजोबा बायकोला म्हणाले. ती तरी गप्प. काकांनी चहात तोंड लपवलं.

खाडीचं तोंड अरुंद आहे. डावीकडे वाळूचा बांध, उजवीकडे खडक, मध्ये जेमतेम दोन लाँच जातील एवढी वाट. आणि ओहोटी लागली, की पाणी तिथून जोरात बाहेर पडतं. ती वाटेत शिरली तेव्हा ओहोटी नुकतीच सुरू झाली होती. वेग बरोबर, रेषा बरोबर. परीक्षकाने वहीत काहीतरी लिहिलं.

"डॉल्फिन," डावीकडून एक मूल ओरडलं.

बासष्ट माणसं एका झटक्यात डावीकडे गेली. लाँच त्या अंगाला कलली, आणि कललेली लाँच सुकाणूचं धड ऐकत नाही. तिचं नाक उजवीकडे, खडकांच्या दिशेने ओढ खाऊ लागलं. "बसा, बसा," दोन्ही खलाशी ओरडले. कोण बसतंय. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून फोन उंचावत होती. तिने चाक डावीकडे पिळलं. नाक किंचित वळलं, परत सरकलं. थांबावं तर पाणी खडकांवर नेऊन टाकणार. शेजारी काकांनी कप खाली ठेवला. त्यांचा हात उचलला गेलेला तिला डोळ्यांच्या कडेतून दिसला.

काकांना दिलेला शब्द तिच्या लक्षात होता. पण 'बसा' म्हटल्यावर कुणी बसत नाही, आणि माणूस कशाला भुलतो, हे तिला अठरा वर्षांत चांगलं कळलं होतं. तिने डावा हात चाकावर ठेवला, उजव्याने भोंग्याचा माइक ओढला आणि मान सरळ ठेवून, खिडकीतल्या त्याच सपाट आवाजात बोलली.

"आपापलं तिकीट बघा. तिकिटाचा शेवटचा आकडा सम असेल त्यांनी उजवीकडे. विषम, डावीकडे. डॉल्फिन बोटीखालून जातात, दोन्हीकडे वर येतात. तिकीट न बघता उभं राहणाऱ्यांची जागा जाईल."

एक क्षण काहीच झालं नाही. मग बासष्ट माणसं खिसे चाचपू लागली. पर्सा उघडल्या, पिशव्या मांडीवर आल्या, आणि मांडी हवी म्हणून निम्मी माणसं बसलीच.

"माझं चार. चार सम ना?"

"तुझं दाखव. अगं, हे परतीचं आहे."

"मी सात, हे आठ. आम्ही नवराबायको आहोत, आम्हाला वेगळं बसवणार का?"

"दहा मिनिटांचा प्रश्न आहे हो, घटस्फोट नाही," पोहायचं विचारणारे आजोबा म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून उजवीकडे गेले.

लाँच हळूहळू सरळ झाली. चाकाने एकदम ऐकलं, इतकं ऐकलं की तिला ते उलट सावरून धरावं लागलं. खडक उजव्या हाताला, आठेक हात अंतर राखून मागे सरकले. काकांचा हात परत मांडीवर गेला होता. मग खाडीचं आतलं हिरवं पाणी आलं, लाकडी धक्का आला. धक्क्यावरून कुणीतरी विचारलं, "परतीची किती वाजता?"

तिने समोर बघितलं, फक्त समोर. लाँच धक्क्याला टेकली, तेव्हा काकांच्या कपातला चहा हलला नाही.

प्रवासी उतरले. परीक्षक वही घेऊन पुढे आला.

"उमेदवार प्रवाशांशी बोलला," तो लिहिता लिहिता म्हणाला.

"हो."

"नियमात बोलू नये असं कुठेही नाही. मी काल बघितलं, तुमचा मागचा कागद वाचल्यावर." त्याने पान उलटलं. "मान वळवली नाही. चाक सोडलं नाही. कप्तानाने हस्तक्षेप केला नाही."

"करणार होतो," काका म्हणाले.

"केला का?"

"नाही."

"मग झालं." त्याने सही केली, शिक्का मारला, कागद फाडून तिच्या हातात दिला. मग जरा घुटमळला. "एक विचारू? माझ्याकडे तिकीटच नव्हतं. मी कुठे उभं राहायचं होतं?"

"मधे," ती म्हणाली. "तुम्ही होतात तिथेच."

पहिल्यांदाच तो हसला.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली नाही, दिलीही नाही; ती त्यांची होती. ते नुसते उठले, चाकाशेजारची खुर्ची रिकामी केली आणि प्रवाशांच्या बाकांवर, अगदी मागे, कडेला जाऊन बसले. चौतीस वर्षांत त्या बाकावर ते कधी बसले नव्हते. त्यांनी पाय पसरले.

"परत नेतेस ना?"

"नेते की. आजपासून मीच."

चार वाजता खाडीवरून परतीचे प्रवासी चढू लागले, वाळूने भरलेल्या चपला हातात घेऊन, भाजलेल्या खांद्यांनी, झोपाळलेल्या पोरांना कडेवर घेऊन. सकाळच्या आजोबांनी केस पुसत चाकाकडे बघितलं आणि बायकोला सांगितलं, "बहिरी नाही गं ती. कप्तान आहे." तिने दोर सोडायला सांगितले, घंटा वाजवली आणि भरल्या लाँचचं नाक खुल्या समुद्राकडे वळवलं.