तळव्यातला काचेचा खडा

अगं ये, अशी जवळ बस आणि हे माझ्या पत्राचे कागद नीट हातात धर. मला तुला रागवायचंय. कॉलेजच्या सहलीबरोबर शिमल्याला गेलीस, जाताना चंदीगडच्या बस स्टँडवर तासभर थांबलीस, चहा प्यायलीस, आणि सख्ख्या मावशीकडे फिरकली नाहीस? स्टँडपासून आमच्या सेक्टर बावीसच्या खोल्या चालत दहा मिनिटांवर. वर आणखी फोटो पाठवतेस, ‘मावशी, बर्फ बघ!’ बर्फ मी पुष्कळ बघितलाय गं. तुला बघितलेलं नाही.

आणि दुसरं ऐक. पिंजौर सोडून कालक्याकडे निघालं की उजव्या हाताला एक हापसा लागतो. शेजारी चहाची टपरी, आणि तिथंच एक जुनी हिरवी गाडी उभी असते. त्या गाडीपाशी स्टुलावर जे बसलेले असतात ना, ते तुझे काका. तुझी बस त्यांच्या नाकासमोरून गेली.

आम्ही त्या हापशापाशी कसे, आणि साताऱ्याला तुझ्या आईच्या शेजारी का नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तुझी आई सांगायची नाही, ती अजून थोडी फुगलेली आहे माझ्यावर. म्हणून मीच सांगते.

तू तेव्हा दुसरी-तिसरीत असशील. हे फौजेच्या वर्कशॉपमधून पेन्शनीत निघाले. तिथं सगळी नोकरी ह्यांनी गाड्यांच्या समोरच्या काचा बसवल्या. म्हणाले, "आता हेच करू. पण दुकान नाही घ्यायचं. काच फुटलेला माणूस दुकान शोधत कुठं फिरेल? आपणच त्याच्याकडे जायचं." मग लिलावातली एक जुनी गाडी घेतली, आत लाकडी घोड्या ठोकल्या, त्यांना फौजी कांबळी गुंडाळली आणि त्यात काचा उभ्या लावल्या. अँबॅसिडरच्या वेगळ्या, ट्रकच्या वेगळ्या. बिछान्यात पोरं निजवावीत तशा.

इकडे तुझ्या आईचं पत्र आलं होतं. तिच्या लगत दोन खोल्या रिकाम्या होत होत्या, आणि ह्यांच्यासाठी साखर कारखान्याच्या गॅरेजात जागा बघून ठेवलेली. दिवाळीपर्यंत कळव, म्हणाली. मग खोल्यावाला थांबायचा नाही.

खरं सांगू? मी मनानं केव्हाच साताऱ्याला पोचले होते. तुझ्या आईच्या आणि माझ्या खोलीच्या मधल्या भिंतीला खिडकी पाडून घ्यायची, इथवर माझं ठरलं होतं. चौदा वर्षं छावण्यांमधून फिरले मी. कुणाशी मराठीत भांडायलासुद्धा मिळत नव्हतं. पण ह्यांना म्हटलं, दिवाळीपर्यंत तुमचा धंदा लागला तर राहू, नाही तर निघू. हे म्हणाले, "पक्का." हे तेव्हाच हिंदीत ‘पक्का’ म्हणायला शिकले होते, बघ.

आता ह्यांची चूक काय झाली? फौजेतला माणूस. सावली बघायची, जागा झाडून घ्यायची, गाडी रांगेत सरळ लावायची आणि वाट बघायची. सतरा सेक्टरात लावली, तर एक साहेब येऊन म्हणाले, "ये शहर नक्शे से बना है जी, इसमें आपकी गाड़ी कहीं नहीं है." इंडस्ट्रियल एरियात गेले, तर तिथं प्रत्येक वर्कशॉपचा आपापला काचवाला. माणसं यायची, गाडीत डोकवायची, कांबळ्यांचं कौतुक करायची आणि जायची. कुणाची काच फुटलेलीच नसायची! हाताची सवय जाऊ नये म्हणून हे रोज सकाळी आमच्याच गाडीची काच काढायचे आणि परत बसवायचे. ते बघवायचं नाही. पण आतल्या आत मी दिवाळीचे दिवस मोजत होते, हेही खरं.

दिवाळीला दहा-बारा दिवस होते. चकलीची भाजणी दळायला मी पिंजौरला गेले. आमच्या बाजारातला गिरणीवाला मक्यावर मका दळायचा, भाजणीचा सत्यानाश. पिंजौरला तिथल्या एका कारखान्याच्या वसाहतीत एक नागपूरकडची बाई राहायची, तिनं तिथल्या गिरणीवाल्याला भाजणी शिकवली होती. डबा भरून घेतला, बसला वेळ होता, म्हणून त्या हापशावर पाणी प्यायला गेले. तर चपलेच्या फाटक्या टाचेतून काहीतरी कचकन घुसलं.

खाली बघते तो काय, हापशाभोवती जमिनीवर खडीसाखर सांडल्यासारखी काच! कपभर नव्हे, पाट्याच्या पाट्या. टपरीवाला म्हणाला, "बहनजी, संभल के. वर घाटात रस्त्याची खडी उडते, ट्रकच्या चाकाखालून दगड येतो, शीशा खलास. मग सगळे बिना शीशे के इथपर्यंत येतात. इथं पहिलं पाणी ना. तोंड धुतात, सीट झटकतात आणि शिव्या देतात."

मला तिथंच कळलं. ज्या जागेसाठी ह्यांनी अख्खं शहर पालथं घातलं, ती माझ्या पायाखाली होती.

घरी लंगडत आले. ह्यांनी पाय मांडीवर घेतला, चिमट्यानं खडा काढला, उजेडात धरला, आणि चेहराच बदलला गं ह्यांचा. "ही गाडीची काच आहे! समोरची! कुठं लागली?"

मी म्हटलं, "इथंच. बाजारात."

निघून गेलं तोंडातून. साताऱ्याची खिडकी डोळ्यांपुढे होती, दुसरं काय!

मग चार दिवस तुझे काका सेक्टर बावीसच्या बाजारात खाली मान घालून हिंडले. भाजीवाल्यांच्या पायांतून, सायकलींच्या मधून, कमरेत वाकून. लोक विचारायचे, "फौजी साब, क्या गिर गया?" हे म्हणायचे, "कुछ नहीं जी, कुछ मिल जाए इसलिए." संध्याकाळी येऊन मलाच समजावायचे, "तू म्हणतेस म्हणजे असणारच. उद्या मागच्या गल्लीत बघतो."

चौथ्या दिवशी मी चकल्या पाडत होते. हे आले, कमरेवर हात ठेवून हळूच बसले आणि म्हणाले, "तुझा पाय कसाय?" मला काही चकली पुढे पाडवेना. म्हटलं, "अहो, मी खोटं बोलले. पिंजौरच्या हापशावर लागली ती काच. तिथं ढिगानं आहे."

ह्यांनी माझ्या हातातला सोऱ्या काढून बाजूला ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. नंतर म्हणाले, "साताऱ्याचं पत्र तूच लिही. काय लिहायचं ते तूच ठरव. मी काही म्हणणार नाही."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "आधी उद्या जागा बघून येऊ." सकाळी दोघं गेलो. गाडी लावून ह्यांचा पहिला चहा संपायच्या आत वरून एक अँबॅसिडर आली, समोर काचेच्या जागी नुसतं भोक. चालवणारे सरदारजी, तोंडाला मफलर, दाढीत काचेचे कण चमकताहेत. मागं त्यांच्या बीबीजी ओढणीत पार बंद. सरदारजी उतरले, गाडीतल्या काचा बघितल्या आणि ओरडले, "ओ रब्बा! फौजी साब, इतने दिन कहाँ थे?"

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "जी, चार दिन से इनके पाँव में अटके थे."

बसवायला दोन माणसं लागतात, हे मला तेव्हा कळलं. काचेच्या कडेला रबराची पट्टी, पट्टीच्या खाचेत दोरी आणि वर साबणाचं पाणी. एकानं बाहेरून तळव्यांनी काच दाबायची, दुसऱ्यानं आत बसून दोरी हळूहळू ओढायची, मग रबर पत्र्यावर चढत जातं. वर्कशॉपमध्ये ह्यांच्या जोडीला माणूस असायचा. इथं मी. हे बाहेरून म्हणत होते, "हळू, हळू, घाई नको." मी आतून ओढत होते. ह्यांच्या नाकाला साबणाचा फेस लागलेला, आणि मला हसू आवरेना. शेवटचा कोपरा टक्कन बसला आणि बीबीजींनी ओढणीतून डोकं काढून टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन पत्र लिहिलं. ‘खोल्या दुसऱ्यांना देऊन टाक. इथं दोरी ओढायला माणूस लागतो.’ तुझ्या आईनं दोन दिवाळ्या मला पत्र पाठवलं नाही.

ती खिडकी काही झाली नाही. कधी कधी चकल्या करताना आठवते, नाही असं नाही. पण मी खरं बोलून टाकलं आणि इथं राहिले, त्यामुळे आता इकडे येण्याची पाळी तुझी. आईलाही आण. म्हणावं, भांडायला ये, मराठीत भांडू. पिंजौरपुढे हिरव्या गाडीपाशी बस थांबवायला सांगा. फक्त चपला धड घालून या. आणि लवकर या गं.