आधी ठप्पा, मग वाचणे

"आधी ठप्पा, मग वाचणे," असं पुटपुटत दादा तारखेच्या ठप्प्यावर फुंकर मारायचे आणि पाकिटातून काढलेल्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यावर तो हाणायचे. वर 'प्राप्त', खाली तारीख. चष्मा नाकावर चढायचा तो त्यानंतर. प्रत्येक कचेरीत असा एक माणूस असतो, तुम्हीही पाहिला असेल. उज्जैनच्या आमच्या कचेरीत टपाल घेण्याचं टेबल दादांचं होतं आणि शेजारचं माझं.

नुकताच मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला होता. राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागे कचेऱ्याही निघाल्या. रोज कुठल्या तरी खात्याच्या कागदांचे बस्ते ट्रकमध्ये चढत. आज ज्याच्याबरोबर चहा प्यायलो त्याची खुर्ची परवा रिकामी दिसे. पुढचा कोण, हे कोणी बोलत नसे, पण टपालवाला दारात आला की सगळ्यांच्या लेखण्या थांबत.

अशा दिवसांत दादांनी पस्तिसाव्या वर्षी कॉलेजात पुन्हा नाव घातलं. बी.ए.चं शेवटचं वर्ष. बारा वर्षांपूर्वी हेच वर्ष त्यांनी अर्ध्यावर सोडलं होतं. वडील गेले आणि संस्थानातली त्यांची नोकरी दादांच्या गळ्यात पडली. "म्हटलं, पुढच्या सत्रात जाऊ," ते सांगत, "आणि बघ, पुढचं सत्र यायला बारा वर्षं लागली की नाही!" हसत, पण हे सांगताना हात मात्र ठप्प्यावर असे.

मीही त्याच वर्गात होतो. सकाळचं कॉलेज, मग कचेरी. जुलैच्या पहिल्या दिवशी घंटेच्या अर्धा तास आधी दादा पहिल्या बाकावर, खिडकीपाशी बसलेले! वह्या गावाशेजारच्या भैरवगढच्या लाल छापाच्या फडक्यात बांधलेल्या. पोरं मागून ओरडली, "काकासाब, परीक्षा तो अप्रैल में है!" दादांनी शांतपणे वही उघडली आणि पहिल्या पानावर तारखेचा ठप्पा मारला. होय, कचेरीतला ठप्पा ते खिशात घालून आणत. तेवढी एकच सरकारी वस्तू त्यांनी आयुष्यात घरी नेली असेल.

त्यांचे नियम मला पाठ झाले. एक तास बुडवायचा नाही. रोज प्राध्यापकांना एक प्रश्न विचारायचा, येडा असला तरी. आज शिकवलेलं आजच घरी जाऊन लिहायचं. मी कधी आळस केला की म्हणत, "भैया, सत्र नवं आहे तोवरच आपलं असतं. जुनं झालं की दुसरेच लोक त्याचं काय करायचं ते ठरवतात." मला तेव्हा हा म्हातारपणा वाटे. वर्गातल्या निम्म्या पोरांनी मात्र त्यांच्याच वह्या उतरवून घेतल्या.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. सकाळचं टपाल आलं. दादांनी पाकीट फोडलं, फुंकर मारली, ठप्पा हाणला, चष्मा चढवला. पण हात आवक वहीकडे गेलाच नाही. मी वाकून पाहिलं. भोपाळचा हुकूम होता. नाव दादांचं. आठ दिवसांत तिकडे हजर व्हायचं.

परीक्षेला तीन महिने होते.

"दादा, फाडा," मी हळूच म्हटलं. "अजून नोंद कुठे झालीय? डाकेत गहाळ झाला म्हणू."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. "आला ना कागद? मग आला. फाडायचा कसा?" नंतर त्यांनी तो घडी करून खणात ठेवला, कुलूप लावलं आणि त्याची नोंद न करता आवक वहीत पुढच्याच कागदाला नंबर दिला. "अप्रैलपर्यंत राहू दे तिथे," ते म्हणाले. "बस, इतकंच."

वडिलांपासून तीस वर्षं प्रामाणिक राहिलेल्या घरातल्या माणसाला खोटंसुद्धा अर्धंच बोलता येतं. पुढे स्मरणपत्र आलं. त्यावरही ठप्पा बसला आणि तेही खणात गेलं. दादा वर्गात येत राहिले, प्रश्न विचारत राहिले, पण वर्गाच्या दाराशी शिपाई दिसला की त्यांची लेखणी कागदावर जागच्या जागी थांबे. मला तर टपालवाल्याच्या सायकलची घंटा घरीही ऐकू यायला लागली. मी कोणाला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, हे अजून कळत नाही.

मार्चच्या शेवटी तिसरं पत्र आलं ते थेट साहेबांच्या नावावर. खण उघडला गेला. साहेब भला माणूस होता. दोन्ही कागद हातात धरून त्याने त्यांच्या कोपऱ्यातले ठप्पे निरखले.

"बाबूजी, इन पर तारीख न होती तो मैं लिख देता कि डाक देर से मिली," तो म्हणाला. "आपने तो अपने ही हाथ से लिख दिया है।"

परीक्षेला तीन आठवडे होते. दादांनी रजा मागितली, ती मिळाली नाही. त्याच दिवशी कार्यमुक्त, दुसऱ्या दिवशी भोपाळ, नाहीतर नोकरी गेली. घरी आई आणि दोन बहिणी. दादांनी ठप्पा, शाई आणि खणाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. त्यावर लाल फडक्याचं गाठोडं ठेवलं. "तुला कामाला येतील. मी येतोच पुढच्या सत्रात."

परीक्षेत त्यांचा नंबर माझ्या शेजारच्या बाकावर चिकटवलेला होता. पर्यवेक्षकाने दोनदा पुकारला आणि रेघ मारली. मी त्यांच्याच वह्यांवर पास झालो.

गाठोड्यातली शेवटची वही मी निकालानंतर उघडली. कोरी होती. फक्त पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात 'प्राप्त' आणि तारीख. येत्या जुलैची, कॉलेज उघडण्याच्या दिवसाची. हातात आल्याशिवाय ज्याने कधी कशावर ठप्पा मारला नाही, त्याने न आलेल्या दिवसावर मारला होता. मला रडू आवरेना.

जुलैच्या त्या सकाळी, पास झालो होतो तरी, मी कचेरीच्या आधी वर्गात जाऊन दादांच्या रिकाम्या बाकाशेजारी बसलो. घंटा झाली. हजेरी सुरू झाली. एक नवी मुलगी खिडकीजवळच्या बाकाशी येऊन थांबली.

"यहाँ कोई बैठता है क्या?"

"हो," मी म्हटलं, "येताहेत." ती मागच्या बाकावर जाऊन बसली.