पोट आत घ्या

"शर्ट काढा," सर म्हणाले.

मी काढला.

"बनियनही."

तेही काढलं. डोक्यावर पंखा गरगरत होता, अंगावर काटा आला. हॉलाच्या मधोमध एक स्टूल, स्टुलावर उघडा मी, आणि भोवती गोल करून बसलेली लातुरातली चांगली चांगली माणसं. डॉक्टरीणबाई, वकीलसाहेब, एक प्राध्यापक, एक बिल्डर. सगळ्यांच्या मांडीवर ड्रॉइंग बोर्ड. सरांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली. बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस मारतो तशी. म्हणाले, "आज टूएच, एचबी डब्यातच राहू द्या. यांना डायरेक्ट एटबी लागणार."

एटबी म्हणजे आमच्या डब्यातली सगळ्यात काळी पेन्सिल.

सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर सगळ्यात मोठ्यांदा मीच हसलो. कुणी अपमान केला की आधी आपणच हसून मोकळं व्हायचं, ही आमच्या वस्तीतली सवय. जळकोटाकडून लातुरात नोकरीला आलो तेव्हा ट्रंकेबरोबर तीही आणली होती.

मी तिथं उघडा बसायला गेलो नव्हतो. चित्र काढायला शिकायला गेलो होतो. मी एका सरकारी कार्यालयात लिपिक. मिटिंगमध्ये साहेब बोलायला लागले की रद्दी कागदाच्या पाठीवर त्यांचं टक्कल काढायचो. टक्कल बरं जमायचं, खालचा साहेब जमायचा नाही. म्हणून औसा रोडवरच्या या रविवारच्या स्केचिंग क्लासला नाव घातलं. पेन्सिली आणल्या. ब्लेडनं तासून शिसं लांब काढलं, बोट कापून घेतलं, रक्त लागलेल्या बोटानंच पहिल्या दिवशी हॉलात शिरलो.

सरांनी नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

क्लासचा एक रिवाज होता. दर रविवारी एकानं स्टुलावर बसायचं, बाकीच्यांनी त्याला काढायचं. नंबरवारीनं. नवीन आलेल्याचा नंबर पहिला. मला लई भारी वाटलं. इतक्या मोठ्या माणसांनी हात ताठ करून, एक डोळा झाकून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माझं माप घ्यावं! कपाळ ते नाक एवढं, नाक ते हनुवटी एवढं. ते माप आहे हे मला कुठं माहीत? मला वाटलं, वकीलसाहेबांनी डोळा मारला. मीही मारला.

दुसऱ्या रविवारी मी बोर्ड घेऊन गोलात बसलो. सर म्हणाले, "अहो, तुम्ही इकडे." तिसऱ्या रविवारीही इकडे. मग शर्ट. मग बनियन. मग सरांनी घरून एक मळकं मुंडासं आणलं, ते माझ्या डोक्याला गुंडाळलं. मुंडासं माझ्या बापानंही कधी बांधलं नव्हतं.

माझा नंबर काही संपेना.

आता माझ्या तब्येतीबद्दल सांगितलं पाहिजे. सरकारी खुर्चीनं मला पोट दिलंय. चांगलं गोल, शर्टाच्या गुंड्या ताणणारं. लग्न झाल्यापासून माझ्या फासळ्या मी बघितलेल्या नाहीत. पण चित्रात त्या हव्या होत्या.

"दादा, जरा पोट आत घ्या ना," डॉक्टरीणबाई म्हणायच्या.

"गालफडं आत ओढा," वकीलसाहेब.

"आणि नजर खाली. आमच्याकडे बघू नका, एक्सप्रेशन जातं," सर.

मी पोट आत घ्यायचो, गाल आत ओढायचो, मान खाली घालून फरशी बघायचो. एवढं करूनही फासळ्या दिसत नव्हत्या, मग ते मनानं काढायचे. गालाखाली तिरप्या रेघा, त्यांवर उलट्या तिरप्या रेघा, की खड्डा पडतो. माझ्या गालाला खड्डा नव्हता. रेघांनी पाडला.

एकदा धीर करून विचारलं, "सर, आज मी काढू का?"

"काढाल हो, घाई काय आहे? तुमच्यासारखा चेहरा आम्हाला कुठं मिळायचा? अस्सल आहे."

अस्सल म्हटल्यावर माणूस काय बोलणार? उठून जावं तर बिल्डरची आणि आमच्या साहेबांची उठबस. साहेबाच्या कानावर काय जाईल याचं भ्या. आणि खरं म्हणजे मला त्यांच्यातलं व्हायचं होतं. स्टुलावरून गोलात फार तर चार हातांचं अंतर. वाटायचं, पुढच्या रविवारी बोलावतील.

मग क्लासचं प्रदर्शन भरलं. मी बायकोला घेऊन गेलो. तिनं ठेवणीतली साडी नेसली. "ह्यांची चित्रं लागल्यात," असं तिनं शेजारणीला सांगितलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही.

भिंतभर मी. एकाखाली लिहिलेलं "भूक". एकाखाली "दुष्काळ". एकाखाली "पिढ्यानपिढ्या". बायको प्रत्येकापुढं थांबली, वाचलं, पुन्हा बघितलं. "भूक"पुढं आल्यावर पदर खोचला.

"काय वो, मी तुम्हाला उपाशी ठिवते का?"

"हळू बोल."

"का हळू? आज सकाळी दोनदा कालवण घेतलं न्हाई तुम्ही? लोकं काय म्हणतेल मला?"

तेवढ्यात सर पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे पुण्याकडचे, खादीच्या झब्ब्यातले. सर म्हणाले, "हेच ते." पाहुण्यांनी चित्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी इस्त्रीच्या शर्टात होतो, ताजी दाढी केलेला. ते बुचकळ्यात पडले. आवाज मऊ करून म्हणाले, "फार सोसलेलं दिसतंय तुम्ही."

आणि माझं पोट आत गेलं. कुणी सांगितलं नव्हतं. गाल आत गेले. मान खाली गेली. मी फरशी बघायला लागलो.

पाहुण्यांचं समाधान झालं. ते पुढं गेले.

बायकोनं माझा दंड धरला. "आवं, हे असं काय करलालाव तुम्ही?"

श्वास सोडता येईना. आपलंच पोट आपल्याला बाहेर सोडता येईना, अशी माझी गत.

पुढच्या रविवारी मी गोलात बसलो. बोर्ड मांडीवर.

"अहो, इकडे," सर म्हणाले.

"न्हाई. आता तुमचा नंबर."

सर डॉक्टरीणबाईंकडं बघायला लागले, बाई वकिलाकडं, वकील मोबाइलमध्ये. कुणी उठलं नाही. शेवटी सरांनी कोपऱ्यातला माठ आणून स्टुलावर ठेवला. सगळ्यांनी माठ काढला. मीही काढला. माझा माठ एका अंगाला कलला, तोंड एकीकडं, बूड दुसरीकडं. सर मागून जाताना थांबले. "आधी बेसिक शिका, मग नंबर लावा लोकांचे." सगळे हसले. मला हसू आलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी त्यात नव्हतो.

शनिवारी सरांचा निरोप आला, काही दिवस क्लास बंद आहे. रविवारी भाजीला निघालो तर हॉलाखाली सगळ्यांच्या गाड्या उभ्या. वर बघितलं. खिडकीत नवा एक जण पाठमोरा बसलेला दिसला, उघडा. मी पिशवी घेऊन खाली उभा. वर जावं, त्याला काही सांगावं, असं वाटलं. पण भाजी न घेताच परत आलो.

घरी आरसा भिंतीला टेकवला आणि स्वतःचं तोंड काढायला बसलो. फार हलक्या हातानं सुरुवात केली. अंडाकृती आखली, मधली रेघ, डोळ्यांची जागा. मग सावली. काढता काढता गालाखाली तिरप्या रेघा पडल्या. त्यांवर उलट्या तिरप्या. खड्डा पडला. समोर आरशात भरल्या गालाचा माणूस, आणि कागदावर भुकेलेला. हात माझा, पेन्सिल माझी, नजर त्यांची.

मी गाल खोडला. खोडता खोडता कागद फाटला. दुसरा लावला. त्यातही तेच आलं. तोही फाडला.

अजून जमलेलं नाही. रोज कचेरीतून आलो की बसतो. बायको मधूनच येऊन बघून जाते. पण हे तोंड आता मीच काढणार, पोटासकट, गालासकट, समोर बघणारं. ते जमेपर्यंत हे तोंड मी दुसऱ्या कुणालाही काढू देणार नाही.