मापाचा बॉल

बेसा वस्तीत आमच्या शेजारी राहणारे काका दर रविवारी मॉलमध्ये बॉलिंग खेळायला स्वतःचा बॉल घेऊन येतात. खेळ यथातथाच, बॉल बहुतेकदा कडेच्या नालीत जातो. तरी परत आला की ते त्याला जुन्या दुपट्ट्याने लहान लेकराचं तोंड पुसावं तसं पुसतात.

एकदा मी विचारलं, "काका, इथं बॉल मिळतातच की. स्वतःचा काहून घेतला?"

"मी पाच भावांत धाकटा ना गा. शर्ट, चप्पल, सायकल, सगळं मोठ्या भावाईचं वापरलेलं. याले मात्र माह्या बोटाचं माप घेऊन भोकं पाडले."

मग बॉल माझ्यापुढे धरला. "बोटं घालून पाह्य."

माझी बोटं शिरेनात.

"नाही जाऊन राहिले ना?" त्यांनी इतक्या आनंदानं विचारलं, की मी मुद्दाम पुन्हा एकदा जोर लावून पाहिला.