बाकावरचा पाहुणा

"बसा पाव्हणं, च्या टाकते," असं म्हणत पदराने बाक पुसायचा, ही गडाखालच्या पाली गावातल्या मावशींची रीत. गड चढायला आलेली पोरं असोत की टेम्पोवाला, त्यांच्या पत्र्याच्या हॉटेलात सगळे पाव्हणंच. पाहुण्यांनी बाहेर बाकावर बसायचं, घरच्यांनी आत चुलीपाशी. मी वेल्ह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. रविवारी तिथे पिठलं-भाकरी खायला जायचो, पण मलाही कधी आत बोलावणं आलं नाही.

त्या बाकावर अधूनमधून खांद्यापर्यंत केस वाढवलेला, काळ्या कपड्यांतला एक मुलगा दिसे. बाहेरच्या कोणी विचारलं की मावशी म्हणत, "पुण्याचं पाव्हणं हाय." मीही तेच धरून चाललो होतो.

एकदा त्यांनी मला आडोशाला बोलावून मोबाईल पुढे केला. "गुर्जी, माजा दत्ता ह्यात काय म्हनतोय तेवढं सांगा. त्याच्या अंगात आलंया म्हनत्यात गावात. म्या भगताकडं नारळ बी देऊन आले."

पडद्यावर तोच पुण्याचा पाहुणा केस झटकत घसा फाडून ओरडत होता. मागे गिटार आणि ड्रम असे वाजत होते, की चुलीजवळची मांजर पळाली. हेवी मेटल म्हणतात ते हेच. सगळं इंग्रजीत, आणि मला त्यातला एक शब्द उमगेल तर शपथ. मी शाळेत नक्की काय शिकवतो, अशी शंका मावशींना आलेली स्पष्ट दिसत होती.

नशिबाने व्हिडिओखाली शब्द लिहिलेले होते.

"शिव्या हायती का?"

"नाही."

"द्येवाधर्माचं काय वंगाळ?"

"नाही हो."

मी अर्थ सांगत गेलो आणि माझाच आवाज उतरत गेला. आईच्या दारात मी बाकावर बसतो. ती मला चहा देते आणि लोकांना सांगते, पाहुणा आहे. आतली चूल मला ओळखते, आई ओळखत नाही. एवढंच तो पुन्हा पुन्हा ओरडत होता.

मावशींचा चेहरा पडला. "हे समद्यांना कळतं?"

"इंग्रजी येतं त्यांना कळतं."

"केसांची लाज वाटायची वो, लोक हसायची, म्हून पाव्हणं म्हनायची. पर त्याला ऐकू जात हुतं, हे ध्यानातच न्हाई आलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्याकडे बघवेना.

पुढे दत्ता आला तेव्हा बाक भरलेला होता. तो कडेला टेकला, तसं शेजारी बसलेल्या एका परगावच्या गृहस्थांनी त्याला विचारलं, "कुठले तुम्ही?" मावशी किटली घेऊन समोरच उभ्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "पुण्याचा. पाहुणा आहे." आईची पंचाईत नको म्हणून!

मावशींना कुठे बघावं कळेना. त्या आत गेल्या, खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या डोक्यावर तेल ओतून ते लांब केस चोळू लागल्या. "किती कोरडं झाल्यात रं," एवढंच म्हणाल्या. तो मान खाली घालून बसला होता.

यंदा मावशी गेल्या. दहाव्याला दत्ताने मुंडण केलं. दुपारी मी हॉटेलापाशी गेलो, तर तो बाहेर बाकावरच बसलेला.

"अरे, आत बस," मी म्हणालो.

"हितंच बरंय, गुर्जी," तो म्हणाला आणि उघड्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.